आडवी की उभी? : चित्रफितीची दिशा आणि संकेतस्थळाची जबाबदारी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव महाराष्ट्राच्या इतिहासात सुपरिचित आहे. ११ मार्च १७९५ रोजी या परिसरात मराठे आणि निजाम यांच्या फौजांची गाठ पडली. पराभूत निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि अखेरीस त्याला तह करणे भाग पडले. निंबाळकर घराण्याने अठराव्या शतकात बांधलेला हा भुईकोट किल्ला आजही पाहावयास मिळतो. डोंगरी किल्ल्याप्रमाणे तो उंचावर चढलेला नाही. सपाटीवरून पाहिले असता त्याचा तट लांबवर आडवा पसरलेला दिसतो; त्याच्या प्रवेशद्वाराची कमान मात्र उभी उंचावलेली आहे.

अशी कल्पना करू या की, गावातील दोन विद्यार्थी या किल्ल्याचे मोबाइलवर चित्रीकरण करीत आहेत. पहिला तटाचे चित्रण करतो, तेव्हा तो मोबाइल आपसूकच आडवा धरतो. दुसरी विद्यार्थिनी प्रवेशद्वार टिपते, तेव्हा ती मोबाइल उभा धरते. दोघांचेही बरोबर आहे. वस्तू जशी आहे, तशी चौकट त्यांनी निवडली. या दोन्ही चित्रफिती शाळेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळावर चढविल्या जातात. तट व्यवस्थित दिसतो. परंतु प्रवेशद्वार कुशीवर आडवे पडलेले दिसते. पाहणारा मान वाकडी करतो आणि पुढच्या पानाकडे वळतो. सामान्यतः दोष त्या विद्यार्थिनीला दिला जातो : ‘मोबाइल आडवा धरावयास हवा होता!’ वस्तुतः दोष तिचा नाही. मोबाइल कसा धरला होता, याची नोंद तिच्या चित्रफितीत झालेली होती. ती नोंद वाचण्याचे काम पलीकडच्या यंत्रणेने केले नाही, एवढाच याचा अर्थ. ही नोंद कोठे असते, सर्व्हरने ती कशी वाचावी आणि तिच्या आधारे पडद्यावर चित्रफितीला योग्य जागा कशी द्यावी, याचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचा प्रयत्न आहे.

प्रश्न केवळ शोभेचा नाही

चित्र आडवे दिसले काय आणि उभे दिसले काय, त्यात एवढे काय, असे कोणी म्हणेल. या संदर्भात प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एका गावातील शिक्षकांनी वर्गखोलीच्या भिंतीला पडलेल्या भेगेचे मोबाइलवर चित्रीकरण करून ते संबंधित कार्यालयाकडे पाठविले. भेग छतापासून खाली उतरलेली, म्हणजे उभी होती. कार्यालयाच्या संकेतस्थळावर चढविताना चित्र काटकोनात फिरले आणि भेग आडवी दिसू लागली. चित्रण भिंतीच्या अगदी जवळून केलेले असल्यामुळे त्यात दार, खिडकी अथवा माणूस यांपैकी काहीच नव्हते. परिणामी चित्र फिरले आहे, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. भेग उभी आहे की आडवी, यावरून स्थापत्य अभियंते तिच्या कारणाचा पहिला अंदाज बांधीत असतात. चुकीच्या अंदाजावर पत्रव्यवहार झाला, खुलासे मागविले गेले आणि प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत पावसाळा तोंडावर आला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. परंतु एका लहानशा तांत्रिक अनवधानाची किंमत किती मोठी असू शकते, हे त्यातून दिसून आले.

आज ग्रामसभेचे कामकाज, पाणलोटाची कामे, शाळेतील प्रयोग, पीकहानीची दृश्ये अशा कितीतरी गोष्टी मोबाइलवर चित्रित होऊन शासकीय यंत्रणेकडे येतात. तलावातील पाण्याची पातळी दर्शविणारी पट्टी आडवी दिसली तर तिचे वाचन चुकते. ग्रामसभेत उभी राहून प्रथमच चार शब्द बोलणारी महिला पडद्यावर आडवी झालेली दिसली, तर तिच्या म्हणण्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. उलट हसू मात्र होते. म्हणून चित्रफितीची दिशा राखणे हे नागरिकाचे म्हणणे जसेच्या तसे पोहोचविण्याच्या कर्तव्याचाच एक भाग आहे.

‘ही बाजू वर’

मोबाइलमध्ये चित्र टिपणारा जो संवेदक असतो, तो आतमध्ये पक्का बसविलेला असतो. त्याची लांब बाजू सामान्यतः मोबाइलच्या लांबीच्या दिशेने असते. मोबाइल आडवा धरला की संवेदकही आडवा होतो आणि चित्र जसेच्या तसे मिळते. मोबाइल उभा धरला म्हणजे संवेदक उभा होतो. परंतु त्यातून निघणाऱ्या चित्राच्या ओळी पूर्वीच्याच क्रमाने निघत राहतात. म्हणजे मोबाइलच्या दृष्टीने चित्र आडवेच असते, त्यातील जग मात्र कुशीवर झालेले असते.

आता दर सेकंदाला येणारी तीस चित्रे एकामागून एक फिरवून ठेवावयाची, तर त्यासाठी बरेच गणिती श्रम आणि वीज खर्ची पडेल. मोबाइल ते श्रम टाळतो. गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारा एक लहान संवेदक त्यात असतो. चित्रीकरण सुरू होण्याच्या क्षणी मोबाइलची कोणती बाजू वर आहे, हे तो सांगतो. मोबाइल चित्रे आहेत तशीच साठवितो आणि फाइलमध्ये एक टिपण जोडतो : ‘दाखविताना हे चित्र काटकोनात फिरवून दाखवावे.’ काचसामानाच्या खोक्यावर ‘ही बाजू वर’ असे लिहून बाण काढलेला असतो, त्यातलाच हा प्रकार. हमालाने बाण पाहिला तर खोके नीट उतरते. न पाहिल्यास आतील सामान ज्याने बांधले, त्याचा त्यात काय अपराध?

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ही नोंद सामान्यतः चित्रीकरणाच्या प्रारंभी एकदाच होते. मध्येच मोबाइल फिरविला तरी ती बदलत नाही. तसेच टेबलावरील कागदाचे चित्रण करण्यासाठी मोबाइल जमिनीकडे तोंड करून धरला, तर गुरुत्वाकर्षणावरून वरची बाजू कोणती हे ठरविता येत नाही आणि नोंद चुकू शकते. विद्यार्थ्यांच्या वह्या किंवा दप्तरातील नोंदी चित्रित करणाऱ्यांना हा अनुभव वारंवार येतो.

फाइलच्या पोटात

मोबाइलवर तयार होणाऱ्या बहुतेक चित्रफिती ‘एमपी-४’ अथवा तिच्या जवळच्या ‘क्विकटाइम’ या स्वरूपात असतात. अशी फाइल म्हणजे एकात एक बसविलेल्या डब्यांची रचना असते. एका मोठ्या डब्यात प्रत्यक्ष चित्रे आणि ध्वनी यांचा साठा असतो. दुसऱ्या लहान डब्यात त्या साठ्याविषयीची माहिती असते. कालावधी किती, चित्राची रुंदी-उंची किती, कोणती चित्रे कोठून सुरू होतात, हे सारे त्यात नमूद केलेले असते. या माहितीच्या डब्यात, चित्राच्या प्रवाहाच्या शीर्षनोंदीत, नऊ अंकांची एक सारणी असते. प्रत्येक अंकाला चार बाइट, म्हणजे एकूण छत्तीस बाइट एवढीच तिची जागा. शंभर मेगाबाइटच्या चित्रफितीत हे प्रमाण सुमारे अठ्ठावीस लाखांत एक भाग एवढे पडते. परंतु आकाश कोणते आणि जमीन कोणती, हे त्या एका भागावर अवलंबून असते.

सारणीतील नऊपैकी चार अंक दिशा ठरवितात. ते अनुक्रमे एक, शून्य, शून्य, एक असे असल्यास चित्र फिरवावयाचे नसते. शून्य, एक, उणे एक, शून्य असल्यास ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ९० अंशांत फिरवावयाचे असते. उणे एक, शून्य, शून्य, उणे एक म्हणजे १८० अंश, अर्थात उलटे. आणि शून्य, उणे एक, एक, शून्य म्हणजे २७० अंश. माध्यमिक शाळेत निर्देशक भूमिती शिकविणाऱ्या शिक्षकांना यात नवीन काही वाटणार नाही. बिंदूचे स्थान फिरविण्याचे हे नेहमीचेच गणित आहे, आणि वर्गात ते सांगताना हातातील मोबाइलसारखे दुसरे चांगले उदाहरण मिळणे कठीण.

सर्व्हरने करावयाचे काम

संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते, त्यास सर्व्हर म्हणतात. चित्रफीत त्याच्याकडे येताच तिची आवक-नोंद व्हावयास हवी. कार्यालयात टपाल आल्यावर आवक-लिपिक पाकीट उघडून विषय, दिनांक व सहपत्रे यांची नोंद करतो, त्याचप्रमाणे. या कामासाठी स्वतंत्र साधने उपलब्ध आहेत. ‘एफएफएमपेग’ हा २००० साली सुरू झालेला मुक्त-स्रोत प्रकल्प सर्वज्ञात असून, त्यातील ‘एफएफप्रोब’ हे साधन चित्रफीत न चालविता तिच्यातील माहिती वाचून देते. त्याचा वापर विनामूल्य करता येतो. नोंदीचे काम पुढील क्रमाने करावे.

पहिली पायरी : साठविलेल्या चित्राची रुंदी, उंची आणि फिरविण्याचा कोन, या तिन्ही गोष्टी वाचाव्यात. अनेक संकेतस्थळे केवळ पहिल्या दोन गोष्टी वाचून थांबतात आणि तेथेच घोटाळा होतो. खर्ड्याच्या प्रवेशद्वाराच्या फाइलमध्ये रुंदी १९२० आणि उंची १०८० पिक्सेल अशी नोंद असेल. तेवढ्यावरून ती आडवी ठरेल. कोनाचा रकाना पाहिल्यावरच ती उभी असल्याचे समजते.

दुसरी पायरी : कोन एकाच पद्धतीत आणावा. जुन्या साधनांत तो ‘९०’ असा, तर नव्या साधनांत ‘उणे ९०’ असा मिळण्याचा संभव असतो. एका ठिकाणी घड्याळाच्या काट्याची दिशा धन मानली आहे, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच्या उलट दिशा. अर्थ एकच. आडवी की उभी एवढेच ठरवावयाचे असेल, तर चिन्ह सोडून द्यावे आणि उरलेल्या संख्येस १८० ने भागावे. बाकी ९० उरली तर रुंदी व उंची यांची अदलाबदल करावी. बाकी शून्य असल्यास आहे तसे राहू द्यावे. वरील उदाहरणात अदलाबदल केल्यावर रुंदी १०८० व उंची १९२० अशी खरी मापे मिळतात.

तिसरी पायरी : पिक्सेलचा आकार तपासावा. मोबाइलच्या चित्रफितीत पिक्सेल बहुधा चौरस असतात. परंतु जुन्या फितींवरून उतरविलेल्या चित्रणात तसे नसते. आपल्याकडील जुन्या दूरचित्रवाणी पद्धतीत ७२० गुणिले ५७६ पिक्सेलचे चित्र पडद्यावर चारास तीन या प्रमाणात दाखविले जात असे, आणि त्यातील पिक्सेल किंचित रुंद धरावे लागत. ज्या कार्यालयांकडे जुन्या कॅसेटचा संग्रह आहे, त्यांनी ही पायरी गाळू नये. हे प्रमाण रुंदीस लावल्यानंतरच अदलाबदल करावी.

चौथी पायरी : रुंदी उंचीपेक्षा जास्त असल्यास ‘आडवी’, कमी असल्यास ‘उभी’, आणि दोन्ही जवळजवळ सारख्या असल्यास ‘चौरस’ असा शेरा द्यावा. हा शेरा आणि अंतिम मापे माहितीसंचयात कायमची नोंदवून ठेवावीत. प्रत्येक वेळी पान उघडताना फाइल पुन्हा तपासण्याचे कारण नाही. आवक-नोंद एकदाच होते, नंतर तिचा केवळ संदर्भ घेतला जातो.

हे काम ब्राउझरवर सोडून चालेल काय?

पाहणाऱ्याच्या यंत्रावरील ब्राउझर स्वतःही दिशेची नोंद वाचू शकतो, मग सर्व्हरला हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, ब्राउझरला ही माहिती फाइलचा तो भाग हाती आल्यानंतरच कळते. तोवर पान मांडून झालेले असते. मग चित्रफितीची चौकट एकाएकी उंच होते आणि खालचा मजकूर ढकलला जातो. वाचणाऱ्याचे बोट ज्या ओळीवर होते, ती ओळ निसटते. ज्या गावात मोबाइलचे जाळे क्षीण आहे, तेथे हा विलंब अधिक जाणवतो.

त्यातही एक मेख आहे. अनेक मोबाइल माहितीचा डबा फाइलच्या अगदी शेवटी ठेवतात. कारण चित्रीकरण संपल्याखेरीज एकूण कालावधी त्यांना ठाऊक नसतो. अशा वेळी ब्राउझरला फाइलच्या शेवटापर्यंत शोध घ्यावा लागतो. यास्तव सर्व्हरने हा डबा फाइलच्या आरंभी आणून ठेवावा. त्यासाठी चित्रांना हात लावावा लागत नाही, गुणवत्तेत घट होत नाही आणि काम अल्पावधीत होते. शिवाय एखाद्या पानावर वीस चित्रफितींची यादी असेल, तर त्यांपैकी एकही न उतरविता सर्वांची मांडणी ठरवावी लागते. हे केवळ सर्व्हरच्या नोंदीवरूनच शक्य आहे. एका यंत्राने एकदा केलेले काम हजारो पाहणाऱ्यांचा वेळ वाचविते, हे सार्वजनिक व्यवस्थेचे तत्त्व येथेही लागू पडते.

जागा कशी द्यावी

दिशा ओळखली म्हणजे काम संपले असे नव्हे. त्या दिशेनुसार पडद्यावर जागा द्यावी लागते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, तेव्हापासून आपण आडव्या चौकटीत चित्र पाहण्यास सरावलो आहोत. चित्रपटगृह, दूरचित्रवाणी, संगणक या साऱ्यांचे पडदे आडवे. मोबाइलने मात्र उभा पडदा सर्वसामान्यांच्या हाती दिला. एकच पान लहान-मोठ्या, आडव्या-उभ्या अशा सर्व पडद्यांवर योग्य रीतीने बसावे, या विचारास २०१० साली ईथन मार्कॉट यांनी ‘प्रतिसादी मांडणी’ या अर्थाचे नाव दिले आणि पुढे तीच रूढ पद्धत झाली. परंतु पान प्रतिसादी असूनही त्यातील चित्रफितीची चौकट एकाच साच्याची ठेवली, तर हेतू साध्य होत नाही.

याचे एक साधे गणित पाहू. उभी चित्रफीत सोळास नऊ या आडव्या चौकटीत दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडून बसविली, तर तिला चौकटीचा जेमतेम ३२ टक्के भाग मिळतो. आता हीच आडवी चौकट उभ्या धरलेल्या मोबाइलवर दाखविली, तर तिला पडद्याचा पुन्हा सुमारे ३२ टक्के भाग मिळतो. म्हणजे मूळ चित्राच्या वाट्यास येतो पडद्याचा अवघा १० टक्के भाग. जी चित्रफीत संपूर्ण पडदा व्यापू शकली असती, ती दहाव्या हिश्श्यात आक्रसते. चौकटीची रुंदी-उंची नोंदीनुसार दिल्यास ही नव्वद टक्क्यांची हानी पूर्णपणे टळते.

याकरिता पानाच्या संहितेत प्रत्येक चित्रफितीचे रुंदी-उंचीचे प्रमाण आधीच लिहून ठेवावे, म्हणजे ब्राउझर तेवढी जागा मोकळी राखतो. मोबाइलवर उभ्या चित्रफितीला पूर्ण रुंदी द्यावी. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर मात्र तिची उंची पडद्याबाहेर जाणार नाही अशी मर्यादा घालावी आणि शेजारी उरलेल्या जागेत निवेदन अथवा संहिता द्यावी. कडा कापून चित्र चौकटीत भरण्याचा मोह टाळावा. शोभेच्या दृश्यात ते चालून जाते, परंतु पुराव्याच्या अथवा अध्यापनाच्या चित्रात कापलेल्या कडेवरच महत्त्वाचा भाग असण्याचा संभव असतो.

आडवी चौकट श्रेष्ठ आणि उभी कनिष्ठ, असेही मानण्याचे कारण नाही. याच जामखेड तालुक्यात डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि अल्पशिक्षित ग्रामीण महिलांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडविले. या कार्याची दखल १९७९ च्या मॅगसेसे पुरस्काराने घेतली. अशा कार्यकर्त्यांची गोलाकार बैठक चित्रित करावयाची, तर आडवी चौकट हवी. त्यांतील एखादी उभी राहून बाळाचे वजन कसे करावे हे दाखवीत असेल, तर उभी चौकट हवी. विषयानुसार चौकट निवडण्याचा अधिकार चित्रीकरण करणाऱ्याचा आहे. यंत्रणेने त्या निवडीचा मान राखावा.

पाहणाऱ्याच्या बाजूनेही हाच न्याय आहे. २०१८ साली प्रसृत झालेल्या संकेतस्थळ-सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २.१ आवृत्तीत असा निकष आहे की, अपरिहार्य कारणाखेरीज कोणतेही पान केवळ आडव्या अथवा केवळ उभ्या पडद्यावरच पाहण्याची सक्ती करू नये. चाकांच्या खुर्चीवर ज्यांचे उपकरण एकाच स्थितीत पक्के बसविलेले असते, त्यांना ते फिरविता येत नाही, हे त्यामागील एक प्रमुख कारण. भारत सरकारच्या शासकीय संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची २०२३ ची तिसरी आवृत्तीही याच सुगम्यता-निकषांवर आधारलेली आहे. ‘कृपया मोबाइल फिरवा’ अशी सूचना पडद्यावर झळकविण्यापूर्वी संकेतस्थळे चालविणाऱ्यांनी याचा विचार करावा.

टिपण कोठे हरवते?

चित्रफितीचे एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात रूपांतर होते, त्या वेळी दिशेचे टिपण हरवण्याचा धोका सर्वाधिक असतो. रूपांतर करणाऱ्या साधनाने टिपण वाचून चित्रे प्रत्यक्ष फिरवावीत आणि नंतर टिपण काढून टाकावे, ही योग्य रीत. चित्रे फिरविली नाहीत आणि टिपणही टाकून दिले, तर चित्र कुशीवर पडते. चित्रे फिरविली आणि टिपणही तसेच ठेवले, तर ते दुसऱ्यांदा फिरून पुन्हा चुकीच्या दिशेत जाते. म्हणून रूपांतरानंतर तयार झालेल्या फाइलची आवक-नोंद पुन्हा नव्याने करावी. मूळ फाइलची नोंद तिला तशीच लावू नये.

यादीत दिसणारे लहान स्थिरचित्र वेगळ्या साधनाने काढलेले असल्यास चित्रफीत सरळ आणि स्थिरचित्र आडवे, असाही विचित्र प्रकार घडतो. छायाचित्रांच्या बाबतीत हीच नोंद एक ते आठ या अंकांनी केलेली असते. चित्रणस्थळाची माहिती उघड होऊ नये म्हणून छायाचित्रातील सारी जोडमाहिती पुसून टाकण्याची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु पुसण्यापूर्वी चित्र प्रत्यक्ष सरळ करून घेतले नाही, तर दिशाही पुसली जाते.

काही वेळा उभी चित्रफीत काळ्या अथवा धूसर पट्ट्यांसह आधीच आडव्या चौकटीत भाजून आलेली असते. तिची नोंद ‘आडवी’ असाच निर्वाळा देते, आणि नोंदीपुरते ते खरेही असते. अशा वेळी यंत्राचा उपाय चालत नाही. मूळ फाइल मागवून घेणे, हाच मार्ग. त्याचप्रमाणे मोबाइल जमिनीकडे धरल्यामुळे मुळातच चुकलेली नोंद सर्व्हर ओळखू शकत नाही. याकरिता चढविणाऱ्यास प्रकाशनापूर्वी चित्र दाखवून ‘हे सरळ आहे काय?’ असे विचारणारी आणि एका कळीने फिरविण्याची सोय देणारी व्यवस्था असावी. यंत्राचा निर्णय अंतिम मानू नये. पाहिलेल्या माणसाची साक्ष त्याहून वरची होय.

मूळ प्रत जपावी

अधिकाऱ्यांनी एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानी घ्यावी. चौकशी, पंचनामा अथवा तक्रार यांच्याशी संबंधित चित्रफीत असल्यास तिची मूळ फाइल मुळीच बदलू नये. दिशेचे टिपण दुरुस्त करणे हाही बदलच आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात फाइलचे ‘हॅश’ मूल्य नमूद करावे लागते. हे मूल्य म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. छत्तीस बाइटांपैकी एक बाइट जरी बदलला, तरी तो ठसा जुळत नाही. म्हणून मूळ प्रत स्वतंत्र ठेवावी, तिचे हॅश मूल्य आवक-नोंदीतच टिपावे आणि फिरविणे, लहान करणे इत्यादी सर्व संस्कार प्रदर्शनासाठी काढलेल्या प्रतीवर करावेत.

पाच चित्रफितींची परीक्षा

आपले संकेतस्थळ या कसोटीस उतरते की नाही, हे तपासण्यासाठी तज्ज्ञाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. शाळेत अथवा ग्रामपंचायतीत अर्ध्या तासात करता येईल, अशी एक परीक्षा येथे सुचवीत आहोत. एखादी उंच वस्तू समोर घ्यावी. खर्ड्याच्या शिक्षकांस किल्ल्याचे प्रवेशद्वार जवळच आहे. इतरांस ध्वजस्तंभ किंवा शाळेची घंटा चालेल. तिचे दहा-दहा सेकंदांचे पाच वेळा चित्रीकरण करावे : मोबाइल सरळ उभा धरून, डाव्या बाजूस आडवा करून, उजव्या बाजूस आडवा करून, उलटा उभा धरून, आणि पाचवे चित्रीकरण उभ्या स्थितीत सुरू करून मग जमिनीवरील कागदाकडे वळवून. प्रत्येक वेळी चित्रण कसे केले, ते तोंडाने बोलावे, म्हणजे नंतर गोंधळ होत नाही.

पाचही चित्रफिती संकेतस्थळावर चढवाव्यात आणि मोबाइल तसेच संगणक अशा दोन्ही ठिकाणी पाहाव्यात. वस्तू सर्वत्र सरळ दिसते काय, उभ्या चौकटीला उभी जागा मिळते काय, पान मध्येच उडी मारते काय आणि यादीतील लहान चित्रे सरळ आहेत काय, हे चार प्रश्न विचारावेत. एका प्रश्नाचे उत्तर जरी प्रतिकूल आले, तरी संकेतस्थळ सांभाळणाऱ्यास ही पाच उदाहरणे दाखवावीत. ‘चित्र नीट दिसत नाही’ अशा मोघम तक्रारीपेक्षा ‘उजवीकडे आडवा धरलेला मोबाइल उलटे चित्र देतो’ ही नेमकी तक्रार लवकर दुरुस्त होते. कागदपत्रांचे चित्रण करतानाही पाचव्या चित्रफितीचीच रीत पाळावी. आधी मोबाइल सरळ उभा धरून चित्रीकरण सुरू करावे आणि मग तो खाली वळवावा, म्हणजे दिशेची नोंद सहसा चुकत नाही.

नवे संकेतस्थळ करून घेताना कामाच्या अटींमध्येही हा विषय यावयास हवा. ‘चित्रफिती दाखविण्याची सोय असावी’ एवढे लिहून भागत नाही. फाइलमधील कोन वाचावा, खरी मापे नोंदवावीत, मूळ प्रत जपावी आणि उपरोक्त पाच चित्रफितींची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच काम स्वीकारले जाईल, असे स्पष्ट लिहावे. त्यासाठी जादा खर्च नगण्य आहे. आवश्यकता आहे ती मागणी करण्याइतक्या माहितीची.

ग्रामीण भागातील शेतकरी, शिक्षिका वा विद्यार्थी जेव्हा हातातील मोबाइलने काही टिपून शासनाकडे पाठवितो, तेव्हा त्याने आपल्या परीने काम पूर्ण केलेले असते. मोबाइल कसा धरावा याचे धडे त्याला देत बसण्याऐवजी त्याने पाठविलेल्या फाइलमधील छत्तीस बाइटांचे टिपण वाचण्याची शिस्त आपल्या यंत्रणेने अंगी बाणविली, तर खर्ड्याचा तट आडवा आणि दरवाजा उभा, जसा आहे तसाच, दूर बसलेल्या पाहणाऱ्यास दिसेल.